तीस मिनिटं

पहिल्या दिवशी वेल्गानं मला नुसतं बसवून ठेवलं.
समोर एक लिटरचं काचेचं नळकांडं,
त्यात हवेच्या टाकीतलं तपकिरी पाणी.
म्हणाली, हलवू नकोस. बोलू नकोस. बघ.

तीस मिनिटं.
गाळ आधी नुसता घोटाळतो,
मग एकदम आपलं वजन आठवल्यासारखा
खाली बसायला लागतो.
वर उरतं ते फिक्या चहाच्या रंगाचं पाणी,
त्यातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं.
"अडीचशेच्या रेघेवर थांबला तर जेवायला जायचं.
सहाशेवर थांबला तर जेवण विसर."

नऊशे दहा माणसांचं गाव. लाटव्हियाच्या उत्तरेला.
एक शाळा, एक चर्च, वेल्गाच्या भावाचा चीजचा कारखाना,
आणि बर्चच्या रांगेपलीकडं आम्ही:
दोन टाक्या, एक पत्र्याची खोली,
म्हाताऱ्या कुत्र्यासारखा कण्हणारा ब्लोअर.
इथून पाईप नदीत. नदी समुद्रात.
आणि समुद्रातून, पानगळीच्या रात्रीत, उलट्या वाटेनं
लॅम्प्रे येतात,
सापासारखे, बिनजबड्याचे,
तोंडानं दगड धरत धरत वर चढणारे.
गाव ते निखाऱ्यावर भाजून खातं.
पाईपाचं तोंड कुठं आहे, हे जेवताना कुणी विचारत नाही.

एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं सगळीकडं असतात.
वेल्गा अख्ख्या गावाला पाण्यात पाहायची,
तेही न रागावता.
लीगोच्या रात्रीनंतर पहाटे चारला काटा चढला
की म्हणायची, उतरली बीअर.
कुणाकडं बाळ आलं, ते पंपात अडकलेल्या
वेट वाइप्सवरून तिला आधी कळायचं.
"लोक हात धुऊन मोकळे होतात," ती म्हणायची,
"मोकळं व्हायला मला कुठं जागा आहे?"

मग तो फेब्रुवारी. उणे एकोणीस.
टाकीच्या कठड्यावरून बाहेर आलेला फेस
तिथंच गोठलेला, पांढरा, आंबट वासाचा.
चीजचं पाणी. रात्रीतून सोडलेलं, सगळं एकदम.
गावाचं सगळं पोटात घालायचं, हे काम
टाकीतल्या जिवांचं,
आणि त्यांची पोटं किती असणार?
भिंगाखाली रोज देठावर डोलणाऱ्या इवल्या घंटा
त्या दिवशी एकही नाही. नुसते दोरे.
नळकांड्यातला गाळ नऊशेवर. बसेचना.

उरलेलं आंबट पाणी आम्ही जुन्या रिकाम्या टाकीत वळवलं,
आणि सहा रात्री, आजारी पोराला पेज भरवावी तसं,
थोडं थोडं आत सोडत राहिलो.
वहीत तिनं नऊशे लिहिलं. नऊशेच.

दुपारी ते नळकांडं मांडीत धरून ती भावाकडं गेली.
गाडी मी चालवली, खड्डे चुकवत.
विल्निसच्या टेबलावर, हिशेबाच्या कागदांत,
तिनं ते हलवून ठेवलं आणि समोर बसली.
तो बोलायला लागला. कामगार नवा, झडप जुनी, नव्या टाकीचा खर्च...
"बोलू नकोस. बघ."
विसाव्या मिनिटाला त्यानं चष्मा काढला.
तिसाव्या मिनिटाला ती उठली,
काच पुसली, आणि आम्ही निघालो.

ईस्टरला तो तिच्याकडं जेवायला आला नाही.
मे महिन्यात कारखान्यामागं
एक हिरवी टाकी उभी राहिली.
तिच्याबद्दल दोघं कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही.

वेल्गा आता गुडघ्यांना कंटाळून घरी असते,
आणि फोनवर फक्त आकडा विचारते.
काल रात्री मी टॉर्च घेऊन पाईपापाशी उतरलो.
तोंडापासून हातभर अंतरावर, दगडाला चिकटून,
एक लॅम्प्रे दम खात होता.
कल्ल्यांची सात भोकं उघडत होती, मिटत होती.

मी टॉर्च विझवला.
वर ब्लोअर कण्हत होता,
आणि खोलीत टेबलावर
अजून अकरा मिनिटं बाकी होती.