मागचे दोन

खोक्यावर लिहिलंय पाच पॉइंट एक.
तो पॉइंट एकच सगळ्यात जड निघाला,
काळा, चौकोनी, एका तोंडाचा.
पारबताबाई दारातूनच म्हणाल्या,
"एवढ्याशा घरात हे कुठं ठेवतेस गा, शालिक?"

मी नाटकांचा माइकवाला.
दिवाळी सरली की धानाच्या रिकाम्या बांधीत मंडप,
बांबूवर दोन भोंगे,
आणि शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीपर्यंत
नायिकेचा हुंदका पोचला पाहिजे,
एवढाच हिशोब.
आवाज पुढून येतो.
मागं असते थंडी अन् चहाची टपरी.

इथं कागद म्हणतो, चारही बाजूंनी यावा.
बसणाऱ्यापासून कोन मोजा, एकशे दहा अंश,
डावीकडं तसाच उजवीकडं.
माझ्याकडं सुतळी, आणि पोराच्या कंपासातला कोनमापक.
बसणारा एकच:
डोमाजी लांजेवार, वनरक्षक, मार्चात रिटायर.
खुर्ची प्लास्टिकची, एका पायाखाली कवेलूचा तुकडा.

लाल लालला, काळी काळीला.
दातानं सोललेली वायर,
तांब्याच्या केसांना पीळ देऊन भोकात, वरून चाप.
मातीच्या भिंतीत खिळा धरेना,
मग सागाच्या दोन खुंट्या ठोकल्या मागं.
वायर फाट्यांवरून नेली,
उंदरांचा रस्ता सोडून.
तो रस्ता पारबताबाईंना पाठ.

टीव्हीची केबल मी चुकीच्या भोकात घातली होती.
अर्धा तास माणसं तोंडं उघडत होती,
भांडत होती, रडत होती, आवाज नाही.
डोमाजी म्हणाले, "असंच राहू दे. बरं वाटते."

मग सापडलं. तपासणीचं बटण दाबलं.
खर्रर्र, पुढं डावा.
खर्रर्र, मधला.
खर्रर्र, पुढं उजवा.
खर्रर्र, मागं उजवा,
आणि खुर्चीत कुणी नव्हतं.

डोमाजी कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून,
हातात काठी. ती कधी उचलली
हे मी पाहिलंच नाही.
खर्रर्र, मागं डावा. मशीन आपलं काम करत होतं.
मला हसू आलं नाही.
पारबताबाईंनी गॅस बारीक केला,
आणि तशाच उभ्या राहिल्या, हात नळीवर.

"एकोणतीस वर्सं," डोमाजी जरा वेळानं म्हणाले,
"मागं पाचोळा वाजला का बसून नाही राहाचं.
पुढचं तं दिसते गा.
मागचं आयकूनच समजते.
काढ ते दोन. समोर लाव."

मी म्हटलं, कागदात तसं नाही.
मी म्हटलं, पैसे पाचाचे भरलेत तुम्ही,
मागचा आवाज पुढून येईल मग.
"येऊ दे. पुढं आला म्हणजे दिसल."

तर पाचही समोर, फळीवर ओळीनं,
हजेरीला उभे केलेल्या पोरांसारखे.
माझ्या धंद्यात याला काम म्हणत नाहीत.

दिवस मावळल्यावर पिक्चर लावला, जंगलाचा.
पॉइंट एक घुमला तसा कोनाड्यातला गडवा थरथरला.
डोमाजी मन लावून बघत होते.
"हे पाखरू रातचं बोलत नाही."
मग थोड्यानं,
"हे तं आपल्याकडलंच नाही."

सव्वाआठला लाइन गेली.

भोंग्याखाली वर्षं काढलेल्या माझ्या कानात
एक बारीक शिट्टी कायमच वाजत असते.
अंधारात तेवढीच ऐकू येत होती.
डोमाजींनी मान वळवली नाही.
बोट उचललं असावं, बाही सळसळली.
"भेकर. नाल्याच्या अलीकडं, बांबूपाशी."
मी कान दिला. शिट्टी.
पुन्हा दिला.
मग आलं,
कुत्र्याच्या भुंकण्यासारखं, कोरडं, एकदाच.
पारबताबाई आतून म्हणाल्या, "मघापासून बोलून राह्यलं थे."

महिन्यानं रिमोटचे सेल द्यायला गेलो.
मागच्या खुंट्या काढायच्या राहूनच गेल्या होत्या.
एकीवर सूप, एकीवर खाकी टोपी.
आणि खुर्ची दोन्हींच्या मधोमध,
भिंतीला अशी टेकवलेली
की मागं सुतळीही जाऊ नये.