चाळीस मिलीअँपिअर

श्कोदरला नोव्हेंबरात तळ्यावरून ओल येते,
ती आधी तारांना कळते, मग गुडघ्यांना.
तिसऱ्या सकाळी डॉक्टर प्रेंडा सायकलवरून आल्या.
"मेली," म्हणाल्या. "रात्री धडधाकट होती."
दातांच्या डॉक्टर, निवृत्त. बोलणं मोजकं,
समोरच्याचं तोंड उघडंच आहे असं धरून चाललेलं.

गाडी त्र्याण्णवची, काळी मर्सिडीज,
भावानं म्युनिकहून चालवत आणलेली.
मागच्या काचेचा पडदा बटणावर चढतो,
मागच्या सीटला ऊब, आणि दोन सीटांच्या मध्ये फोन,
ज्याचं नेटवर्क बंद होऊनही जमाना झाला.
एवढी श्रीमंती,
आणि किल्ली फिरवली की नुसती टक.

बॅटरी नवी होती. म्हणजे रात्री कुणीतरी पीत होतं.

काळी तार सोडली, मध्ये मीटर बसवला.
कुलपात स्क्रूड्रायव्हर घालून खिटी पाडली,
गाडीला वाटावं, दार लागलंय.
मग थांबायचं. फ्रोकला हेच जमत नाही,
एकोणीस वर्षांचा, सारखं काहीतरी उचकायचं असतं.
"म्हातारी लगेच झोपत नाही," मी म्हटलं,
"एकेक डबी डोळा मिटते. दार उघडलंस की सगळ्या जाग्या."
खोकलासुद्धा त्यानं बाहेर जाऊन काढला.

अर्ध्या तासानं, सहाशे चाळीस.
चाळीसवर यायला हवं होतं.

फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत लावायचा.
काचा, रेडिओ, छताची खिडकी, आरसे.
सहाशे चाळीस. ढिम्म.
सतरावा काढला
आणि अंधारात जिन्याची पायरी चुकावी
तसा आकडा खाली आला, थेट चाळीस.

सतरावा जातो कुठे?
नकाशा जर्मन, तेलकट, घडीवर फाटलेला,
आणि सतरावा नेमका घडीवर.

गालिचा उचलत तारेमागे डिकीपर्यंत गेलो.
फोनची डबी कोमट होती.
मागचा वाचायचा दिवा किल्लीशिवाय लागावा म्हणून
कुणीतरी कायमची वीज आणून या तारेत घुसवली होती,
डाग दिलेला नाही, नुसता पीळ आणि चिकटपट्टी.
दिवा लागला. फोनही जागा झाला,
आणि रात्र रात्र हाका मारत बसला,
पलीकडे कुणी नसताना.

"कुठल्या गाढवाचं काम हे!" मी ओरडलो,
आणखी दोन-चार शब्द, जे आईसमोर काढत नाही.
फ्रोक टॉर्च धरून होता.
"उस्ता, पट्टी उलटी गुंडाळलीय."
मग उजेड माझ्या डाव्या हातावर आला.
मुद्दाम नव्हे. बहुतेक.

शाळेत हा हात बाकाला बांधायचे.
जुनी वही काढली. माझंच अक्षर:
प्रेंडा, वाचायचा दिवा, घाई.
घाई कसली, ते लिहिलेलं नव्हतं.
आपलेच दात, आपलेच ओठ.

संध्याकाळी तो जोड त्यांच्या तळहातावर ठेवला.
मनात जुळवाजुळव चालू होती,
ओल, वय, जर्मन तारा.
त्यांनी चष्मा कपाळावर सारून पाहिलं,
उपटलेल्या दाढेकडे पाहत असतील तसं.
"या गावात कुणाचंही तोंड उघडलं
तर निम्मी भरणं माझीच निघायची," त्या म्हणाल्या.
"मी सांगायचे, आधीच्या डॉक्टरनं बिघडवलंय."

पैसे नको म्हटलं. त्यांनी निम्मे ठेवले.
मग सायकल डिकीत घालायला लावली.
बसेना. मागचं चाक बाहेर राहिलं,
झाकण सुतळीनं बांधलं.
गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली
आणि वळणापर्यंत दिसत राहिला
डिकीतला दिवा, उघड्या फटीतून.

"तो किती खात असेल?" फ्रोकनं विचारलं.
"चारशेक," मी म्हटलं,
आणि मीटर पुसून डब्यात ठेवला.