गोणपाटाआडचा लाल

पहाटे साडेतीन. धायरी फाटा.
चारी खांबांच्या तोंडावर अजून गोणपाट.
मुनाफ शिडीवर, मी पेटीपाशी,
हातात वही, दातांत टॉर्च.

आधी मुद्दाम चूक करायची:
दोन्ही बाजूंना एकदम हिरवा मागायचा.
पेटीने नाही म्हटलं पाहिजे.
म्हटलं.
खट्कन सगळे पिवळे, गोणपाटाआडून लुकलुकत.
मुनाफ वरून हसला, "शहाणी आहे पोरगी."

मग पायी चालणाऱ्यांचे सेकंद. कागदावर अठरा.
मी चाललो, चौदा.
झाडूवाल्या कोंडाबाईंना म्हटलं,
जरा पलीकडे जाऊन दाखवा.
त्या दुभाजकाशी थांबल्या, गुडघा धरला,
पदर खोचला, पुन्हा निघाल्या.
सव्वीस.
अठरा खोडले. साहेब विचारतील, कुणाला विचारून?

लाल किती लांबून दिसतो ते बघायला
एका खांबाचं गोणपाट सोडलं,
तेवढ्यात दुधाची एम-एटी आली
आणि थांबली.
रेघेच्या मागे. रिकाम्या चौकात.

"दादा, जावा. चालू नाही झाला अजून."
किटलीवर हात ठेवून तो म्हणाला,
"मग लाल कशाला दाखवता?"

शेऱ्याचा रकाना बोटभर.
लिहिलं: दिसतो.