प्रिय फ्राउके, आपण मला ओळखत नाही

हे वाक्य कायडीने आधी खोडलं.
असं कुणी सुरू करतं का, मावशी?
आधी तिचं कौतुक कर. तिच्या मांजराचं नाव घाल.
म्हणून मी लिहिलं:
प्रिय फ्राउके, आपल्या श्नूर्पेलला नमस्कार.
आणि पेन ठेवून हसत बसले.
साठी उलटलेली बाई, सारेमा बेटावरची,
हॅम्बुर्गच्या मांजराला नमस्कार घालते आहे.

माझ्याकडे लोणी लावायच्या सुऱ्या आहेत,
आम्ही ज्याला कादाकस म्हणतो त्या झाडाच्या.
खरं तर पत्र एवढंच.
पण एवढ्याला पत्र म्हणत नाहीत, पाटी म्हणतात,
आणि पाटी दाराबाहेर आहेच.
उन्हाळ्याचे सहा आठवडे ती माणसं वाचतात,
मग वारा.

कायडी म्हणते, लोक वस्तू घेत नाहीत गं,
कहाणी घेतात.

माझी कहाणी?
हेल्डुर गेला तेव्हा माळ्यावर लाकूड वाळत होतं,
एकोणीस गठ्ठे, प्रत्येकावर खडूने साल.
मी ते चुलीत घालायला काढलं.
पहिला ओंडका फोडला
आणि त्याच्या सदऱ्याचा वास सुटला स्वयंपाकघरात.
कुऱ्हाड तिथेच ठेवली, चाकू घेतला.

हेच! कायडी उठून उभी राहिली. हेच लिही!

नाही, म्हटलं. सुरी विकायची आहे.

मग जे लिहिलं ते असं:
याचं खोड मनगटाएवढं व्हायला माणसाचा जन्म जातो.
लाकडाला वास आहे, लोण्याला लागेल.
नाही आवडला तर परत पाठवू नका,
आवडेल अशा कुणाला द्या.

यात विकण्यासारखं काय आहे, कायडी म्हणाली,
पण फोटो तिनेच काढले, खिडकीशी, दुपारी दोनला,
कारण डिसेंबरात आमच्याकडे उजेड
तेवढाच येतो आणि घाईत असतो.

अकरा जणांना अकरा पुडकी.
टपालातली उरवे वजन करताना म्हणाली,
एंडला, नातेवाईक वाढले की काय एकदम?
तिकिटांचे पैसे भरले
आणि त्या महिन्यात बूट घेतले नाहीत.

एकाने उत्तरात आपलं दरपत्रक पाठवलं.
एकीला तीच सुरी निळी हवी होती.
एकीने लिहिलं, हातांचा फोटो पाठवा, बनवणाऱ्या हातांचा,
फक्त आधी थोडं क्रीम लावा.
हात मी बघितले. त्यांना काही सुचवावं
असं त्यांचं वय राहिलेलं नाही.

बाकी कुणीच काही नाही.
फुकट गेलं म्हणावं तर सुऱ्या कुठेतरी आहेतच,
अकरा घरांत, खणात, कदाचित पाकिटातही न फोडता.

मार्चमध्ये, समुद्रावरचा बर्फ तडकत होता तेव्हा,
हॅम्बुर्गहून पाकीट आलं. हाताने लिहिलेलं.

मांजर माझं नाही, शेजाऱ्याचं आहे.
तरी तुमचा नमस्कार सांगितला. त्याने लक्ष दिलं नाही.
तुमच्याबद्दल मी लिहू शकणार नाही,
शरदापासून लिहिणं सोडलं आहे.
बारा वर्षं घरात आलेली प्रत्येक गोष्ट
आधी लोकांना दाखवली, मग वापरली.
तुमची सुरी कुणाला दाखवलेली नाही.
न दाखवलेलं माझ्याकडे एवढंच आहे.
राग मानू नका.

कायडीने वाचून पत्र टेबलावर टाकलं.
म्हणजे हीसुद्धा गेली.

मी काहीच बोलले नाही. भांडी घासली,
कोंबड्या आत घेतल्या,
चुलीत दोन ढलप्या टाकल्या, सुऱ्यांच्याच, सुकलेल्या.
घर भरून वास.
मग कागद ओढला. कायडी झोपली होती,
खोडायला कुणी नव्हतं.

प्रिय फ्राउके, आपण मला ओळखत नाही.
विकायचं काही नाही, म्हणून सांगते.
माळ्यावर एकोणीस गठ्ठे होते,
प्रत्येकावर खडूने साल.