मागचं पान

कुरियन मिस, पुढचं पान तुमच्यासाठी आहे.
नायकाचं स्वभावचित्र, दीडशे शब्द.
गाइडमधले पाचही मुद्दे घातलेत:
एकाकीपणा, ढोंगाचा तिटकारा, हरवलेलं बालपण,
आणखी दोन, जे आता आठवत नाहीत.
हे मागचं पान मराठीत आहे,
म्हणजे कोणासाठीच नाही.
मराठी मला आईशी भांडण्यापुरती येते
आणि आजोबांना फोनवर "बरा आहे" सांगण्यापुरती.
तेवढ्यात भागवतो.

वर्गात तुम्ही विचारलंत,
हा पोरगा रात्रभर भटकतो, पण घरी का जात नाही?
मेहविश म्हणाली, बंडखोर वृत्ती.
तुम्ही शाबास म्हणालात.
नौफल असता तर म्हणाला असता,
मिस, आधी घर कुठलं ते तर ठरू द्या.

हजेरीत त्याचं नाव दोन दिवस आलं, मग खोडलं.
कंपनी बंद, महिन्याची मुदत.
एका शुक्रवारी त्यांच्या रुवीतल्या फ्लॅटमध्ये
सगळं सामान दाराशी, किमती चिकटवून.
मिक्सर तीन रियाल.
बाबा मला घेऊन गेले. मला वाटलं, निरोपाला.
बाबांनी टेबल हलवून पाहिलं,
एक पाय डुगडुगतो म्हणाले,
सहाचं चारवर आणलं.
त्याच्या वडिलांनी नोटा मोजल्या नाहीत.
"पुण्याकडे आलात तर नक्की या."
"तुम्हीपण. कोळिकोडला."
दोघं हसले. दोघांनाही माहीत होतं.
नौफल आणि मी टेबल जिन्यानं उतरवलं, चार मजले,
एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
बोललो काय, तर
"तुझ्याकडून जरा तिरकं धर."

आता त्याच टेबलावर लिहितोय.
खालून हात फिरवला की
कर्कटकानं कोरलेला त्याचा हजेरी क्रमांक लागतो.
सतरा.
माझा अठरा.

मीही गेलो होतो, मिस, एका रात्री.
कारण लिहिण्यासारखं नाही:
आईनं टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलं.
रुवीहून मत्रापर्यंत, डोंगराच्या कडेकडेनं,
एसीचं पाणी मानेवर टपकत.
गोड्या पाण्याचा एक निळा टँकर उभा होता.
ड्रायव्हर चाकाला टेकून फोनवर बोलत होता,
स्क्रीनवर एक मूल, गाढ झोपलेलं.
तो बोलतच होता.

कॉर्निशवर बसून मी नौफलला फोन लावला.
एका बाईनं अरबीत, मग इंग्रजीत,
दोन्हीकडे सारख्याच गोड आवाजात सांगितलं
की हा नंबर वापरात नाही.
मी तिला म्हटलं, बरा आहे.

मासळीबाजाराबाहेर झाडणाऱ्या चाचांनी विचारलं,
"घर किधर?"
रुवी म्हणवेना.
पुण्यात मी सगळ्या सुट्ट्या मिळून
एक वर्षसुद्धा राहिलेलो नाही.
नुसता हात केला,
डोंगराकडे की समुद्राकडे, मलाच कळलं नाही.
त्यांनी मान डोलावली, पत्ता पटल्यासारखी.
मांजरांसाठी आणलेल्या शिळ्या खुबूसमधला
तुकडा मला दिला.
चांगला होता.

परत आलो तेव्हा दोन वाजले होते.
दार उघडं. हॉलमध्ये टेबल उलटं पडलेलं,
चारी पाय वर,
आणि बाबा गुडघ्यांवर बसून
एका पायाला पुठ्ठा चिकटवत होते.
सतरा आकडा त्यांच्या नाकासमोर.
कुठे होतास, विचारलं नाही.
"डुगडुगत होतं," म्हणाले.
मी दुसऱ्या बाजूनं धरलं.

पुठ्ठा जरा जाडच झाला, मिस.
आता दुसरा पाय डुगडुगतो.