हलकं छप्पर

निलंग्याच्या वाटेवर, माळावर, एकटी खोली:
मॅगझिन. खाणीच्या सुरुंगाची दारू तिच्यात झोपते.
भोवती मातीचा बांध, वर पत्रा,
दाराशी गोरोबा वाघमारे, बॅटरी घेऊन.

मी लॅपटॉपवर ती रोज रात्री उडवते.
आवाज होत नाही.
निळा दाब पसरतो, बांधाला धडकून वर वळतो,
मग नुसते आकडे:
अमुक मीटरवर भिंतीला तडे, अमुकवर काचा.
कुत्री मी हिशेबात धरलेली नाहीत.

छप्पर एवढं हलकं का, गोरोबानं विचारलं.
म्हटलं, उडालं तर वर जावं,
कुणाच्या अंगावर बसू नये.
तो पत्र्याकडे बघत राहिला.
"आमचं माळवद होतं. हातभर माती.
त्या पहाटे..."
आणि बॅटरी उगाच लावून विझवली.

सोमवारी उपग्रहाच्या चित्रात
वर्तुळाच्या आत नवा ठिपका.
प्रोग्रॅमला तो चौकोन, तीन बाय चार.
जाऊन पाहिलं तर सोजरबाई,
करडई पाखडत, पायानं पाळण्याला झोका देत.
कुणाला विचारून बांधलं?
"रान माझंच हाय की."
खरंच होतं.

मालक म्हणाले, शेड काढायला लावू.
मी परत बसले. साठा निम्मा केला.
वर्तुळ निम्मं होत नाही, हट्टी असतं,
जेमतेम पाचवा हिस्सा आत सरकतं.
तेवढ्यानं पाळणा बाहेर आला.
सात पावलांनी.

ती सात पावलं मी दोनदा मोजली:
एकदा पडद्यावर,
एकदा धसकटांतून चालत.