झाकण

शनिवारी अंबडला सुटी.
सकाळी सातला जिन्याखाली स्टूल टाकते,
पायाशी जुना पेपर, त्यावर पाने ओळीनं:
दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा.
गाडी ओझरच्या एका निवृत्त सार्जंटकडून घेतलेली,
लांबोडी, ठेंगणी, पाय पुढे टाकून बसायची,
आरामखुर्चीला इंजिन लावावं तशी.
समोरच्या देवरे वहिनी अजून विचारतात,
"ही तुमची ना? की साहेबांची?"
साहेब स्कूटरवर जातात.

कंपनीत दिवसभर मायक्रोमीटर धरते,
म्हणून इथंही अंदाज चालत नाही.
साखळी मधोमध बोटानं उचलायची,
पंचवीस मिलिमीटर, फार तर तीस,
आणि चाक फिरवून चार ठिकाणी,
कारण साखळी सगळीकडे सारखी झिजत नसते.
प्लगच्या फटीतून गेजचं पातं
सुटावं, पण अडखळत सुटावं.
तेल इंजिन कोमट असताना सोडायचं,
गार तेल गाळ तळाशीच ठेवून येतं.
वहीत तारीख, किलोमीटर, सही.
सही कुणी मागितलेली नाही.

तरी नोव्हेंबरपासून ती बंद पडायला लागली.
निघताना उत्तम.
पेठ रोडला म्हसरूळ सोडलं, रामशेज मागं पडला
की आधी खोकला,
मग धाप,
मग काहीच नाही.
दहा मिनिटं कडेला, बागेतली फवारणी बघत.
तेवढ्यात कोइमतूरला इराला फोन.
"आई, सकाळीच तर बोललो."
मग पुन्हा एका बटणात चालू,
जणू काही झालंच नव्हतं.

भद्रकालीतले आत्तारभाई म्हणाले, कॉइल. बदलली.
त्यांच्याकडचा किसना गांगुर्डे म्हणाला, कार्बोरेटर.
खोलला, जेट फुंकले, बसवला.
नवरा म्हणाला, विकून टाक.
जाऊबाई म्हणाल्या, अमावास्येला तर नव्हती ना घेतली?
वहीत चौदा नोंदी झाल्या,
प्रत्येकीपुढे: दोष आढळला नाही.
हे वाक्य मी नोकरीत हजारदा लिहिलंय,
समाधानानं.

जानेवारीतला दुसरा शनिवार, चाचडगावच्या पुढं.
पेट्रोल आहे ना, एवढंच बघायला
टाकीचं झाकण फिरवलं
आणि टाकीनं श्वास घेतला.
सोडला नाही. घेतला.
पाण्याखाली राहिलेलं माणूस वर येऊन घेतं तसा,
घशातून.
मी झाकण हातात धरून उभी.
एक ट्रक हॉर्न देत गेला.

झाकणाला मधे भोक असतं, खसखशीएवढं.
जेवढं पेट्रोल खाली उतरेल
तेवढी हवा तिथून आत यायची.
ते मेणानं गच्च बुजलेलं.
पॉलिशचं मेण.
दर शनिवारी, मऊ फडक्यानं, गोल गोल,
झाकणावर जरा जास्तच,
कारण तिथं आपलं तोंड दिसतं.
कॉइल नव्हती, कार्बोरेटर नव्हता,
अमावास्या नव्हती.

जाकिटाच्या तुटक्या चेनला लावलेली सेफ्टी पिन काढली,
भोकात घातली.
शेवयीसारखं मेण निघालं, पांढरं, सुवासिक.
फुंकर मारली,
पलीकडच्या तळव्याला लागली.
सावळघाट चढून वर गेले, चहा प्याले, उतरले.
एकदाही खोकली नाही.

रात्रीचे नऊ वाजून गेले.
फोन टेबलावर पालथा.
वहीत लिहिलं: दोष आढळला.
पुढच्या रकान्यात कारण लिहायचं असतं,
तिथं पेन थोडा वेळ टेकून राहिलं,
शाईचा ठिपका झाला, खसखशीएवढा.
साडेनऊ.
तिनं जेवण केलं असेल. नसेलही.

पॉलिशचा डबा टाकून दिला नाही,
निम्मा भरलेला आहे.
सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय,
हात पोचत नाही,
स्टूल लागतं.

स्टूल आहे माझ्याकडे.